सत्तावीस नंबरचे फोटो

हे खरं आहे. मी ब्लाऊज शिवते, गोष्टी रचत नाही. ज्यांना पटत नसेल त्यांनी इथेच थांबावं, मला वाद घालायला वेळ नाही.

धुळ्यात देवपूरला आमच्या दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत माझी मशीन आणि कोपऱ्यात पडदा. त्या पडद्याआड बायका ब्लाऊज घालून बघतात. त्याच खोलीत माझी रोशनी अभ्यासाला बसते. नववीत आहे.

मागच्या जूनमध्ये शाळेने सगळ्या मुलांना टॅब दिले. फुकट! एका कागदावर सही मागितली, मी केली. वाचत कोण बसतंय?

दिवाळीच्या सुट्टीआधी पालकसभा होती. कॉम्प्युटरचे ललित सर सहज म्हणाले, "कामिनीताई, रोशनीच्या मागे फार वर्दळ असते. तिला आतल्या खोलीत बसवा."

मी म्हटलं, तुम्हाला कसं माहीत?

सरांनी दाखवलं. अभ्यासाच्या वेळेत प्रत्येक टॅब दर दहा मिनिटांनी आपोआप फोटो काढतो आणि शाळेच्या कॉम्प्युटरवर पाठवतो. रोशनीचा नंबर सत्तावीस. तिचा चेहरा, माझी मशीन... आणि मागे पडदा अर्धा सरकलेला, आत एक बाई पाठमोरी.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. माझ्या भरवशावर बायका त्या पडद्याआड जातात हो! मी सरांना नको नको ते बोलले. ते आपले एकच सांगत होते, कागदात लिहिलं होतं, सही तुमचीच आहे. फोटो मात्र त्यांनी माझ्यासमोर पुसले.

घरी येऊन मी टॅबच्या दोन्ही कॅमेऱ्यांवर टिकल्या चिकटवल्या. मोठ्या, काळ्या.

चार दिवस बरे गेले.

पाचव्या दिवशी, गुरुवारी, संध्याकाळी पाचच्या सुमारास मी बाही जोडत होते. दोरा तुटला म्हणून मशीन थांबवली. आणि ऐकू आलं...

टिक.

पडद्यामागून.

पडदा सरकवला. कोणी नाही. टॅब रोशनीसमोर होता, टिकल्या जागच्या जागी. रोशनी माझ्याकडेच बघत होती.

"आई, तुलाही ऐकू आलं?"

म्हणजे तिला आधीपासून येत होतं. मी रागावेन म्हणून पोरगी बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन. म्हणाले, रोशनीला नीट बसायला सांगा, प्रत्येक फोटोत तिची पाठच दिसते.

मी हातातलं काम टाकून शाळेत गेले. फोटो पाहिले. रोशनीची पाठ. तिची वेणी. तिच्यापुढे टॅब, आणि टॅबवर मी लावलेली टिकली स्पष्ट दिसत होती.

टॅब तर फोटोतच होता...

मग फोटो काढला कशाने?

आधी मला वाटलं, या माणसाचाच काहीतरी चावटपणा असणार. पण सरांचा चेहरा माझ्यापेक्षा जास्त उतरला होता. टॅब त्यांनी त्याच दिवशी परत घेतला, बंद करून कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.

सुट्टी लागली होतीच. रोशनीला मी माझ्या आईकडे पाठवलं, नरडाण्याच्या पुढे खेड्यात. आईचा फोन आला, "पोर चांगली शे, तू काळजी करू नको." जरा हायसं वाटलं.

तिसऱ्या दिवशी परत सरांचा फोन. आवाज ओळखू येईना.

"ताई, रोशनी आत्ता कुठे आहे?"

गावाला, मी म्हटलं.

"ओसरी आहे का तिथे... निळी? शेंगा तोडत बसलीय का ती?"

मी आईला फोन लावला. रोशनी ओसरीत शेंगाच तोडत होती.

आईच्या घरात टॅब नाही. तिच्याकडे साधा बटणांचा मोबाईल आहे. सरांनी शाळेचं कपाट उघडून पाहिलं, टॅब तिथेच होता. बॅटरी केव्हाच संपलेली. त्यांनी सत्तावीस नंबर कॉम्प्युटरवरून काढून टाकला. तरी फोटो येत राहिले. टॅब देणाऱ्या कंपनीला कळवलं, तर ते म्हणाले, असा नंबर आमच्याकडे नाहीच.

शाळा सुरू झाली, रोशनी परत आली. पण आता ती दिवा बंद केल्याशिवाय वेणीसुद्धा सोडत नाही. जेवताना मध्येच मान वळवून मागे बघते. माझ्या पोरीला दोन मिनिटं कोणाच्या नजरेआड बसता येत नाही, आणि मी आई असून काही करू शकत नाही. इतका राग येतो ना... काढू कोणावर?

एका रात्री ती म्हणाली, "आई, सरांना एक विचार. अंधारातले फोटो येतात का?"

मी आतल्या खोलीत जाऊन फोन लावला. विचारलं.

सरांनी आवाज खाली आणला.

"आता तेवढेच येतात, ताई."

मी बाहेर आले. रोशनी दारातच उभी होती. मी तिला म्हटलं, नाही येत गं.

किती दिवसांनी तिचा चेहरा मोकळा झाला. तिने दिवा बंद केला.

मी चाचपडत तिच्या पाठीशी जाऊन बसले, अंधाराकडे तोंड करून. रोज बसते.