झाडावरच्या भाऊजींची पाटी

संध्याकाळी पाटीचं उद्घाटन, आणि दुपारीच पाटी गायब! खांबावर नुसता पडदा लोंबत होता.

रस्त्याला नाव द्यायचं होतं भाऊजींचं. त्यांच्या वहिनी तशी हाक मारतात म्हणून सगळं गावच त्यांना भाऊजी म्हणतं. रस्ता रुंद करायला माणसं कुऱ्हाडी घेऊन आली, तेव्हा भाऊजी सरसर झाडावर चढले, गरजले, "आधी मला कापा!" आणि दुतर्फाची झाडं वाचली. अशी गोष्ट.

शेजारच्या निवृत्त फौजदारबाई आल्या. गुडघे गेले होते, पण नाक शाबूत. खांबाजवळच शिडी होती. रंगाऱ्याने तिच्या पायऱ्यांवर सांडलेला रंग अजून ओला. त्यात कुणाचा पाय उमटला नव्हता. खांबावर मात्र ताजे ओरखडे.

बाई तडक भाऊजींच्या घरी. ते बाकावर गादी घालून बसलेले, शेजारी बाकदार मुठीची काठी.

"पाटी कुणी नेली असेल?"

"मला काय विचारता? भंगारवाला असेल."

तेवढ्यात वहिनी पाणी घेऊन आल्या. समारंभासाठी नवं लुगडं नेसून तयार. भाऊजी बसूनच राहिले.

बाई हसल्या. "जन्मभर वहिनी दिसल्या की उठून उभे राहता. आज का नाही? गादीखाली पाटी आहे म्हणून! हातभर अंतरावर शिडी असून चोराने काठीने पाटी ओढली. म्हणजे चोर शिडीला घाबरतो. मग असा माणूस झाडावर चढला कसा?"

भाऊजींची मान खाली गेली.

"कुत्रं लागलं होतं मागे. चढलो, उतरता येईना. 'मेलो, मेलो' ओरडत होतो. वहिनी बुंध्याशी ठाण मांडून बसल्या. दीर वर आहे, कुऱ्हाड लावायची नाही! मला उतरवलं, मग एकेका झाडाखाली बसत राहिल्या. लाठ्या खाल्ल्या. पेपरात फोटो माझा."

"बोलला का नाहीत?"

"गळ्यात हार पडले. आवडले हो मला. आज त्या पहिल्या रांगेत बसून माझ्यासाठी टाळ्या वाजवणार. त्या कुठल्या कानांनी ऐकू?"

वहिनींनी हात पुढे केला. "तेव्हाही खालून हेच सांगत होते, भाऊजी. मी धरते, आता उतरा."

भाऊजी उठले. पाटी उलटी केली, मागची बाजू कोरी होती. दारातूनच त्यांनी रंगाऱ्याला हाक मारली.