पोलंडवाडीतलं जास्तीचं घर

नानांचा मुलगा राजेश पोलंडमधल्या एका छोट्या गावात नोकरीला लागला आणि लालबागच्या मंडळाचा यंदाचा देखावा ठरला. राजेशनं तिथल्या जुन्या चौकाचे फोटो पाठवले. मंडळाचा सजावटकार माधव, त्यानं प्लायवूड आणि थर्माकोलमध्ये अख्खा चौक उभा केला: घड्याळाचा मनोरा, चर्च, उतरत्या छपरांची घरं. गावाचं नाव घेताना अध्यक्षांची, म्हणजे नानांची, कवळी निसटायची, म्हणून मंडळानं त्याला पोलंडवाडी म्हणायचं ठरवलं.

फोटोत चर्चशेजारी एक जागा रिकामी होती. तिथे दानपेटी ठेवायची, हे नानांनी गणपतीच्या जागेआधी ठरवलं होतं.

चतुर्थीच्या सकाळी दानपेटी रस्त्यावर आणि तिच्या जागी एक लाकडी घर.

“माधवा, ह्यां घर कोणी बांधल्यान? दानपेटी खंय ठेवू, माझ्या डोक्यार?”

“मी नाही बांधलं, नाना.”

“मग सुतार इलो नि फुकटात बांधून गेलो?”

पुढच्या वर्षीचं काम दुसऱ्या सजावटकाराला, अनिशला द्यायचं नानांच्या मनात घोळतच होतं, त्यात ही भर. माधवनं घर मोडलं, फळ्या मांडवामागे टाकल्या. दुसऱ्या दिवशी घर जागच्या जागी, वर ताज्या पावाचा वास. माधवनं मांडव बेकरीला भाड्यानं दिलाय, असा नानांना संशय आला. माधवनं भिंतीला हात लावला. लाकूड जुनं होतं आणि कोमट होतं. खिळा कुठेच नव्हता. तो पुरता घाबरला.

मग राजेश आला, सोबत त्याची तिथली म्हातारी घरमालकीण. तिनं गणपतीला हात जोडले, घराकडे पाहिलं आणि मटकन खुर्चीत बसली.

“हे बेकरीवाल्याचं घर म्हणते,” राजेश हळूच म्हणाला. “ज्यू होते. युद्धात जर्मनांनी सगळ्यांना नेलं आणि घर जाळलं. कोणी परत आलं नाही. हिच्या आईकडे फोटो होता.”

“तो तू मला पाठवलेलास?” माधवनं विचारलं.

“नाही रे. मलाच आत्ता कळतंय.”

त्या दिवशी नानांनी स्वतः दानपेटी चपलांच्या स्टँडजवळ नेली.

अनंत चतुर्दशीला मात्र त्यांनी माधवला बाजूला घेतलं. “संध्याकाळपर्यंत जागा मोकळी कर. पुढच्या वर्षीचा काम तुझाच.” मग घराकडे बघून आवाज उतरवला. “पण तेंका असा हाकलू नको.” ते पूजेला आलेल्या गुरुजींकडे वळले. “गुरुजी, बाप्पाबरोबर तेंची पण उत्तरपूजा करा.”

गुरुजी कुरकुरले, पण उंबऱ्यावर दही ठेवलं, अक्षता टाकल्या आणि सवयीनं म्हणून गेले, “पुनरागमनाय च.”

आत सामसूम. माधवनं हातोडी उचलली.

म्हातारीनं राजेशला विचारलं, हे काय म्हणाले?

राजेशनं तिच्या भाषेत सांगितलं, “परत या.”

घराच्या आत, एकामागून एक, जड बॅगा खाली ठेवल्याचे आवाज आले.