चिमटीतला माणूस

नवशीच्या लग्नाच्या सकाळी तिचा बाप लहान्या मांडवात रोवायला उंबराची फांदी आणायला ओहोळावर गेला. जव्हारला दरबारचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. सरकून बसा, दिवा मधे ठेवा आणि ऐका.

लहान्या राखीव रानाचा रखवालदार. छातीवर दरबारचा पितळी बिल्ला, रोज राखेनं घासलेला. बोलणं कमी. त्याच्या रानातून सागाची काठी नेणं म्हणजे वाघाची मिशी उपटणं, असं पाड्यावर म्हणत.

ओहोळावर त्याचा मेहुणा जिव्या हात धूत बसला होता.

“भावजी, एकुलती एक पोर. मांडवाला सागाचे खांब लावले असते तर दरबार काय भिकेला लागला असता?”

“ऐनाचे उभे हायेत ना? झालं तर.”

“लोक हसतील. रखवालदाराच्या घरी ऐनाचा मांडव.”

“हसू दे. पोर माझी हाय. साग दरबारचा हाय.”

जिव्या हसला. लहान्याची नजर त्याच्या हातांवर गेली. कोपरापर्यंत काळे.

“हात कशानं काळं झालं?”

“राब भाजला सकाळी. लग्नाच्या गडबडीत राहून जाईल म्हटलं.”

“विझवलास?”

“विझला असंल.”

“असंल?”

राब भाजायचा म्हणजे शेताच्या तुकड्यावर फांद्या, पालापाचोळा रचून जाळायचा. त्या राखेत नागलीचं रोप जोमानं येतं. पण राब पेटला की त्याच्यापाशी माणूस उभा राहिला पाहिजे, घरी लग्न असो की मर्तिक. जिव्या हे जाणत होता. भाचीच्या लग्नाच्या घाईत तो राब सोडून आला.

दोघांनी एकदमच वर पाहिलं. डोंगराच्या धारेपलीकडून धूर उठत होता. काळा नव्हे, पिवळट. गवताचा.

धारेच्या पलीकडच्या उतारावर जिव्याचं शेत. अलीकडच्या उतारावर दरबारचा राखीव साग. त्या सागाच्या पायथ्याशी पाडा, आणि पाड्यात सुकल्या पानांचा नवा मांडव. वारा सूर्यमाळच्या बाजूनं, नेमका पाड्याकडे वाहत होता. वणवा धार ओलांडून अलीकडे आला की संध्याकाळी मोखाड्याकडून वऱ्हाड येणार ते राखेत.

लहान्यानं तोडलेली फांदी तिथंच पाण्यात ठेवली आणि पळाला.

लग्नाचा ढोल लोकांना बोलवायला वाजला. हळद दळणारे हात थांबले. दरबारचा नियम होता: पाड्यानं रानातला मेलेला लाकूडफाटा, पानं, मोह घ्यावा, आणि वणवा लागला की धावून यावं. नियम नसता तरी आज सगळे धावलेच असते. हिरव्या डहाळ्या तोडून ते धार चढले. लहान्याचा भाचा सोम्या चढतानाही गप्प बसेना.

“मामा, नवरीला हळद आणि आपल्याला काजळ. अशी वरात कुणी बघितली नसंल.”

माणसं धापा टाकता टाकता हसली.

धारेवर जाळरेषा होती. माघात तिथलं गवत कापून, जाळून, उघड्या मातीचा पट्टा काढून ठेवतात. वणवा तिथं येऊन उपाशी मरतो. उडून आलेल्या ठिणग्या तेवढ्या डहाळीनं मारायच्या. पण एका जागी दोन कातळ एकमेकांना भिडत आलेले. त्या जागेला चिमटी म्हणत. तिथं कापायला कोयता शिरत नाही, भेगाभेगांत गवत माजतं. म्हणून चिमटीत नेहमी एक पक्का माणूस उभा करायचा.

तो माणूस म्हणजे पुंजा. लहान्याचा जोडीदार, पाड्यातला सगळ्यात हसरा गडी. मागल्या पावसाळ्यात तो तापानं गेला. त्याची जागा कुणी घेतली नव्हती. आज माणसं आधीच कमी. लहान्यानं चिमटीच्या एका बाजूला स्वतःला ठेवलं, दुसऱ्या बाजूला चुलतभाऊ मंगळूला, आणि मनाशी म्हटलं, मधली जागा दोघांनी मिळून सांभाळू.

मग धूर आला.

वणव्याचा धूर डोळे बांधतो. शेजारचा माणूस दिसत नाही, आपली डहाळी दिसत नाही. मोहाची फुलं भाजल्याचा गोड वास येतो आणि त्या वासानं डोकं जड होतं. म्हणून हाळी द्यायची रीत. प्रत्येकाची हाळी वेगळी. एका टोकानं सुरू करायची, माणसामाणसांतून दुसऱ्या टोकाला पोचवायची, परत आणायची. जिथं हाळी तुटली तिथं माणूस पडला किंवा पळाला, असं समजून धावायचं.

हाळी निघाली. जिव्यानं घुबडासारखी दिली. सोम्यानं शीळ घातली. लहान्यानं आपली लांब “होऽऽ” दिली. आता पलीकडून मंगळूची यायची.

त्याच्या आधी रानकोंबडा आरवला.

चिमटीतून. खणखणीत. आणि आरवणं संपता संपता कोंबडीचा कलकलाट झाला, जसं काही कोंबड्यानंच अंडं घातलं.

अख्ख्या डोंगरात अशी हाळी एकाच माणसाची होती.

त्याच्या मागोमाग मंगळूची आली. तिचा आवाज कापत होता. जराशानं धुरातून तो दबक्या आवाजात बोलला.

“दादा... चिमटीत कोण हाय?”

लहान्यानं कान दिला. इतक्या धुरात कुठलाही रानकोंबडा थांबत नाही. पाखरं केव्हाच उडाली होती, भेकर खाली ओहोळाला धावलं होतं. त्यानं परत हाळी दिली. परत कोंबडा आरवला. या वेळी जवळून, आणि कलकलाटाच्या शेवटी चक्क हसून. लहान्याच्या मानेवर काटा उभा राहिला. पण खरं सांगायचं तर त्याच्याही ओठांना हसू आलं. मागल्या पावसाळ्यापासून त्याला हसवणारं कुणी उरलं नव्हतं.

तेवढ्यात खालच्या अंगानं जिव्या खोकत धावत आला.

“भावजी, आग खाली वळली. तिकडच्या नाळीतून, त्या घळीतून, वर चढतीय. मला माणसं दे, नायतर मांडव गेला.”

“किती?”

“जेवढी हायेत तेवढी.”

लहान्या चिमटीकडे तोंड करून उभा राहिला. इकडची माणसं हलवली तर चिमटी उघडी पडणार. नाही हलवली तर नाळ जाणार. दोन्हीकडून खाली एकच पाडा, एकच मांडव, एकच नवशी. त्यानं तिसऱ्यांदा हाळी दिली. उत्तर लगेच आलं. त्याच्यासोबत दुसराही आवाज होता, हिरवी डहाळी जमिनीवर आपटल्याचा. सप्... सप्... सावकाश, न दमता.

“सगळ्यांना घे,” लहान्या म्हणाला. “मंगळूला पण. मी पण येतो.”

“आणि चिमटी?”

“तिथं माणूस हाय.”

“कोण?”

“चल म्हटलं ना.”

नाळीत सगळ्यांनी मिळून आग झोडली. बायका मडकी घेऊन आल्या. सोम्याची भुवई जळली, तरी तो म्हणत होता की नवऱ्यापेक्षा आता आपणच देखणे दिसू. मधून मधून पाठीमागून, वरून, कोंबडा आरवायचा. कुणी कुणाकडे पाहायचं नाही. जो तो आणखी जोरात डहाळी मारायचा.

उन्हं कलली तेव्हा आग मेली.

लहान्या चिमटीत गेला. भेगांतलं गवत अलीकडे पिवळं, पलीकडे काळं. मधली कड सुपानं पाखडल्यासारखी साफ. राख गरम होती, मऊ होती, आणि तिच्यावर एकही पाऊल नव्हतं. माणसाचं नाही, कोंबड्याचंही नाही.

त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. साग उभा होता. खाली मांडव दिसत होता, आणि दूर वाटेवर वऱ्हाडाची धूळ. आता आवतण द्यायचं. तिथली रीत अशी की ज्यांनी मिळून वणवा मारला त्यांना घरधन्यानं नाव घेऊन जेवायला बोलवायचं, रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. लहान्यानं सुरुवात केली.

“जिव्या, जेवायला चल. सोम्या, चल.” त्याचं बोट चिमटीवर आलं. जीभ थांबली नाही. “पुंजा, चल. मंगळू, चल.”

मंगळूच्या हातातली डहाळी गळली.

“दादा, गेलेल्याला नाव घेऊन बोलवत नाय.”

“ज्यानं काम केलं त्याला बोलवायचं. माझ्या दारातून राबलेला माणूस उपाशी जाणार नाय.”

“त्याला घरी परत कोण पोचवणार?”

लहान्यानं डहाळी खांद्यावर टाकली. मागं वळून न पाहता तो उतरला. वाटेत ओहोळातून उंबर उचलला.

लग्न असं लागलं की विचारू नका. गाणी म्हणून लग्न लावणारी धवलेरी बायडी, तिनं गाऊन गाऊन गळा बसवून घेतला. वऱ्हाडानं काळ्या तोंडांचे सोयरे पाहिले आणि पोट धरधरून हसलं. नवऱ्याच्या बापानं आधी ऐनाच्या खांबाला हात लावला, मग डोंगराकडे पाहिलं आणि म्हणाला, “रखवालदार, सोयरीक झकास केली आम्ही.” लहान्या लाजला. पाड्यानं हे कधी पाहिलं नव्हतं.

पुंजाची बायको सकू भात वाढत होती.

“भावजी, आज हसताय. बरं हाय ना?”

“पोरीचं लग्न हाय.”

“दुपारी मी मडकं घेऊन नाळीत होते. मला पण ऐकू आलं.” तिनं एक पान रिकाम्या जागी मांडलं, त्यावर भात वाढला आणि पुढं गेली. तीही हसतच होती.

जेवणं उरकल्यावर रात्री ढोल वाजला. एकमेकांच्या कमरेला हात घालून माणसांची साखळी झाली, पुढं जिव्या, शेपटाला सोम्या. लहान्या जन्मात नाचला नव्हता, तोही आज मधे शिरला. साखळी मांडवाभोवती फिरली, खाली वाकली, उठली, उलटी फिरली. नवशी दारात उभी राहून बापाकडे बघून टाळ्या पिटत होती. धुराचा वास सगळ्यांच्याच अंगाला होता, म्हणून तो कुणाला वेगळा जाणवला नाही.

ढोलवाल्यानं शेवटची थाप दिली. माणसं हात सोडून, दमून, हसत जमिनीवर बसली.

सोम्या तेवढा उभा राहिला. कंबरेत थोडा वाकून, नाचताना होता तसाच. त्याच्या मागं कुणी नव्हतं.

“मामा,” तो हळूच म्हणाला, “ढोल थांबला ना? मग याला सांग... सोड म्हणावं. हात लई गरम हायेत याचे.”