चिमट्याच्या गालांची जवारी

ओवी शिंत्रेला या व्यवहारात काय काय मिळणार होतं, ते आधी बघू. शाळेच्या वाद्यवृंदात जागा. संमेलनात रंगमंचाच्या मधोमध उभं राहणं. आणि वाद्यवृंदाचा म्होरक्या, नववीतला तेजोनिधी, याचा पडलेला चेहरा. खरं सांगायचं तर तिसऱ्या लाभावरच तिचा डोळा जास्त होता. कारण तेजोनिधी सगळ्यांसमोर म्हणाला होता, "तुझी गिटार अंगाई गाते गं. उद्या संध्याकाळपर्यंत गरजायला लागली, तर घेतो तुला."

चिमट्याला मात्र काहीच मिळणार नव्हतं. चिमटा म्हणजे ओवीच्या आबांच्या मिरजेतल्या कारखान्यात इलेक्ट्रॉनिक तंबोरे दुरुस्त करणारा यंत्रमानव. साल २०६१ उजाडलं तरी त्याचा चेहरा पोह्यांच्या डब्यासारखाच होता. आनंद झाला की गालांवरचे दोन लाल दिवे लागायचे, तेवढीच काय ती शोभा.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघांनी कारखान्यात पेडल (गिटार आणि स्पीकरच्या मध्ये जोडायची, आवाज बदलणारी, पायानं चालू-बंद करायची डबी) तयार केली. झाकण पारदर्शक, आतलं सगळं दिसणारं. ओवीनं तार छेडली आणि दोघांनीही कान झाकले. चिमट्याला तर कानही नव्हते!

"पत्र्यावर खिळा घासल्यासारखं वाटतंय!" ओवी म्हणाली. "आणि हे बघ की, बटण दुप्पट फिरवलं तरी आवाज तेवढाच. वाढलेला आवाज जातो कुठं?"

"कापला जातो," चिमटा म्हणाला. त्यानं पडद्यावर एक लाट काढली. "तार थरथरते, तशी वायरमधली वीज टेकडी चढते, दरी उतरते. मध्ये बसलेत दोन डायोड (विजेला एकाच दिशेनं सोडणारी दारं). एक टेकडीचा माथा छाटतो, उलटा बसवलेला दुसरा दरीचा तळ. टेकडी कितीही उंच कर, माथा तिथंच सपाट!"

"मग नुकसानच की!"

"नुकसान कसलं? सपाट माथ्याला कोपरे येतात. त्या कोपऱ्यांतून संनादी (मूळ स्वराच्या तिप्पट, पाचपट वेगानं कंपणारे बारीक स्वर) जन्मतात. गरजतात ते तेच."

"ओवे, इकडं ये जरा," कोपऱ्यातून आबा म्हणाले. त्यांनी लाकडी तंबोऱ्याची तार छेडली. टण्ण. मग घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर), तारेखाली, सुती दोरा सरकवला आणि पुन्हा छेडली. स्वर झणझणत अख्ख्या खोलीभर पसरला.

"ही जवारी. तार घोडीला किंचित घासली पाहिजे. फार घासली तर किरकिरते, नाही घासली तर मुकी राहते. दोरा कुठं थांबवायचा, तेवढंच काम."

ओवी उडालीच. "म्हणजे डायोड हा माझा दोरा! चिमट्या, दोरा सरकव!"

आधी त्यांनी कपॅसिटर (वीज क्षणभर साठवून पुढं सोडणारा भाग) बदलला. तो फार लहान होता. बारीक स्वर आत सोडायचा, जाड स्वरांना दारातच अडवायचा. मोठा बसवताच खिळ्याची घासघास गेली.

मग डायोड. आधीचे सिलिकॉनचे सहा दशांश व्होल्टला उघडत होते. जर्मेनियमचे लावले, तर ते त्याच्या निम्म्यावरच उघडले. आवाज मऊ, गोल, पण इतका दबका की अंगाईच पुन्हा सुरू.

"उलट जायला हवं! उशिरा उघडणारे हवेत, म्हणजे टेकडी उंच वाढेल आणि मगच कापली जाईल."

"लाल एलईडी," चिमटा म्हणाला. "तोही डायोडच. पावणेदोन व्होल्टला उघडतो."

खण उपसले. हिरवे नाहीत, पिवळे नाहीत, लाल तर नाहीतच. घड्याळात साडेचार. संमेलन सहाला.

ओवीची नजर चिमट्याच्या गालांवर गेली आणि लगेच जमिनीवर. एवढी सभ्यता तिच्यात होती.

"बघितलंस ते मी बघितलं," चिमटा म्हणाला. त्यानं स्वतःचेच दोन्ही गाल उपटले आणि डाख द्यायला तापलेली सोल्डरिंगची सळई उचलली.

सहा वाजता संमेलनात ओवीनं तार छेडली, तेव्हा मागच्या रांगेतले पालक खुर्चीत सावरून बसले. गिटार गरजली! झाकणाखाली दोन लाल दिवे प्रत्येक स्वराला उजळत होते. तेजोनिधी वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "मलापण बनवून दे ना गं!" त्याचा चेहरा पडला नाहीच. तो लाभ ओवीनं सोडून दिला.

आता शेवटचा हिशेब, खर्चाचा. आबांच्या वीतभर दोऱ्याची शिकवण. चिमट्याचे दोन गाल.

"तुला आनंद झाला तर आता कळणार कसं?" घरी परतताना ओवीनं विचारलं.

"तू वाजवलंस की दिसेल. रोज अर्धा तास तरी मला आनंद होत जाईल म्हणतो."

रियाजाचा कंटाळा करणारी ओवी दुसऱ्या दिवसापासून न चुकता गिटार घेऊन बसू लागली. तेव्हा खरी किंमत कुणी मोजली, ते तुम्हीच ठरवा.