दर्यावेलीची मिठी

आठ दिवस डॉ. नलिनी कुबल दर्यावेलीच्या फांद्यांमधून निर्धास्त पोहत होत्या. मग आजच तिने त्यांचा पाय का धरला?

होडीच्या काचेच्या तळातून केतकीला सगळं दिसत होतं. पाच मीटर खाली हिरव्यागार फांद्यांचं रान पसरलं होतं आणि त्यात तिची नलूआत्या गुडघ्यापर्यंत अडकली होती. नलूआत्या म्हणजे समुद्रजीवशास्त्रज्ञ (समुद्रातल्या सजीवांचा अभ्यास करणारी). देवगडपासून दूर, समुद्रात बुडालेल्या या पठारावर तिनेच २०५८ साली दर्यावेल शोधली होती.

"केतू, ऐक." कानातल्या यंत्रातून आत्या बोलली. "चाकू चालत नाही. एक फांदी कापली की दुसरी विळखा घालते. माझ्याकडे अकरा मिनिटांची हवा आहे."

त्या दोघी ज्या मोठ्या जहाजावरून आल्या होत्या, ते तासाभराच्या अंतरावर होतं.

"आत्या, झाड असं कसं पकडेल?"

"ते झाड नाही. हजारो इवल्या प्राण्यांची वसाहत आहे. त्यांच्या अंगात शैवाल (पाण्यातल्या सूक्ष्म, हिरव्या वनस्पती) राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं या प्राण्यांना मिळतं. म्हणून दिवसा ती शांत असते."

"आणि ऊन नसेल तर?"

"तर भूक लागेल. मग मासे पकडावे लागतील. पण आत्ता तर भर दुपार आहे."

केतकीने काचेला कपाळ टेकवलं. लांबवर, उन्हात, फांद्या सैल डुलत होत्या. फक्त आत्याभोवती एक लांबट काळा पट्टा होता आणि त्याच पट्ट्यातल्या फांद्या आवळल्या गेल्या होत्या.

रोज होडी लांब नांगरलेली असे. आज आत्या नीट दिसावी म्हणून केतकीनेच ती इथे आणली होती.

"आत्या, तुझ्यावर आपल्या होडीची सावली आहे. मीच आणली होडी इथे."

"मग लांब ने."

"पण मग तू मला दिसणार नाहीस."

"नाही दिसणार. तरी ने."

केतकीने नांगर उचलला. घाईत इंजिनाची कळ दोनदा चुकली. होडी सरकली आणि काचेखालून आत्या नाहीशी झाली. आता कानात फक्त तिचा श्वास होता. दोन मिनिटं गेली. चार गेली. श्वास जलद झाला तेव्हा केतकीला वाटलं, आपण चुकलो, आणि आता आत्याजवळही नाही.

"एक सुटली," आत्या म्हणाली. बऱ्याच वेळाने पुन्हा आवाज आला, "दुसरीही."

नवव्या मिनिटाला तिचं डोकं पाण्याबाहेर आलं.

होडीत चढल्यावर तिच्या पोटऱ्यांवर लाल वळ दिसले. केतकी तिला घट्ट बिलगली आणि मग रडली.

"ही मिश्रपोषी आहे," आत्या दम घेत म्हणाली. "म्हणजे उजेडावरही जगते आणि शिकारीवरही. रात्र झाली का नुसती सावली पडली, हे तिला कळत नाही. अंधार पडला एवढंच कळतं."

"किती वेळात कळतं?"

"ते अजून कुणालाच माहीत नाही."

केतकीने डोळे पुसले. भीती गेली नव्हती. "मग मोजायला हवं," ती म्हणाली. "एखादी फळी दोरीने बांधून वर तरंगत ठेवू आणि तिची सावली पाडू. खाली मात्र कुणी उतरायचं नाही."

आत्याने ओल्या हातानेच वही उघडली आणि पेन केतकीकडे दिलं.