नणंदेच्या खोलीतली वेल

ही गोष्ट इकडून तिकडून ऐकलेली नाही. माझी मावसबहीण वैष्णवी, तिच्या बाबतीत घडलेली आहे.

फेब्रुवारीतला मंगळवार. दुपारचे सव्वातीन. मुळशीतलं नेरे गाव.

लग्नाला तीन महिने झाले होते. नवरा शैलेश हिंजवडीला ऑफिसात, सासूबाई शेतावर. वैष्णवी खोलीत एकटीच लॅपटॉपवर काम करत होती.

तेवढ्यात...

थप. थप. थप.

ओला स्पंज भिंतीवर टेकवावा तसा आवाज.

तिने हेडफोन काढले. आवाज थांबला.

मग रंगाचा वास आला...

पलंगामागच्या पांढऱ्या भिंतीवर एक हिरवं पान उमटलं होतं. स्टेन्सिलने काढतात तसं, रेखीव कडांचं. तिने बोट लावलं.

ओलं होतं.

दुसऱ्या दिवशी तीन पानं झाली.

शैलेशने ती पाहिली. लगेच वरून पांढरा रंग मारला.

गुरुवारी दुपारी पुन्हा थप थप... संध्याकाळी मोजली तर सात पानं. वेल वर चढत होती.

तेव्हा कुठे सासूबाई बोलल्या.

खोली नणंदेची, गौतमीची. वय चौतीस, लग्न जमलेलं नव्हतं. भिंतीवरची वेल ती स्वतः स्टेन्सिलने काढत होती. अर्धी झाली आणि शैलेशचं लग्न ठरलं. नव्या सुनेला खोली हवी, म्हणून तिला लवळ्याला भाड्याच्या खोलीत पाठवलं. वेलीवर पांढरा रंग दिला.

तिथे ती तापाने गेली. दोन दिवस कुणाला कळलंही नाही.

सुतक फिटलं आणि ठरलेल्याच तारखेला लग्न लागलं. वैष्णवीला सांगितलं होतं ते एवढंच, की नणंद आजारात गेली.

“ते स्टेन्सिल कुठंय?” तिने विचारलं.

“तिच्या कापडांसंगं म्याच जाळलं,” सासूबाई म्हणाल्या.

शैलेशने मान वर केली नाही. ताईचा फोन नऊ वेळा आला होता, तो म्हणाला. बस्ता चालू होता, म्हणून उचलला नाही.

त्यानंतर वैष्णवीला त्याच्याशेजारी झोपवेना. ती हिंजवडीला मैत्रिणीकडे राहायला गेली.

मागच्या आठवड्यात कपडे आणायला म्हणून नेऱ्याला गेली. दुपारची वेळ. खोलीचं दार लोटलेलं, आणि सासूबाई बाहेर फरशीवर बसलेल्या.

आत... थप. थप.

“गौतमे, जेवलीस का गं?” सासूबाईंनी विचारलं.

आवाज थांबला.

त्या दाराला कान लावून बसून राहिल्या. बराच वेळ.



मग पुन्हा... थप.

वैष्णवी कपडे न घेताच परतली.