रक्ताला आपलं-परकं कळेना

आमच्या पुनाता गावात मातीच्या भिंतीतला विंचुका किडा ज्याला चावला नाही असा माणूस दाखवा. मला लहानपणीच चावला. त्याचे जंतू हृदयात शिरले. आता चाळिशीत हृदय भोपळ्यासारखं सुजलंय.

शहरात रक्तावर संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना त्याचाच आनंद. दवाखान्यात बसवून नळ्या भरभरून माझं रक्त आत नेलं. मग हसत परत आल्या.

"कासियानोभाऊ, काय जबरदस्त प्रतिकार आहे हो तुमच्या रक्ताचा!"

"मग मरतोय कशानं मी?"

"रक्तातले शिपाई जोरात लढतात, पण काही जण जंतू सोडून तुमच्याच हृदयावर तुटून पडतात. आपलं-परकं कळत नाही त्यांना."

"औषध?"

"औषध माझा विषय नाही."

म्हणे शिकलेली! थुंकलो तिच्या दारात आणि घरी आलो.

घरी कुत्रा अंगावर धावला. माझ्या ताटातलं उष्टं खाऊन माजलेला कुत्रा.

बायको, एस्तेफा, खिदळली. "दवाखान्याचा वास मारतोय तुझ्या अंगाला. आंघोळ कर, घाणेरड्या!"

केली. तरी भुंकतच राहिला. रस्त्यावरचा कुणीही भटक्या मात्र आत आला की हा हरामखोर शेपूट हलवायचा.

मग एस्तेफा दार उघडून क्षणभर बघत राहायला लागली. "अगं बाई, तू होय!" तो क्षण रोज थोडा लांबत गेला. पोरगी जेवताना माझ्यापासून सरकून बसायची. भित्री अवलाद, म्हटलं मी.

संतांच्या सणाला भर दुपारी मेलेल्यांचे आत्मे घरी येतात. आम्ही वारलेल्या सासऱ्यासाठी खाण्यापिण्याचं मेज मांडतो; बाहेरचा कुणी येऊन प्रार्थना म्हणाला की त्याला पाव आणि मक्याची दारू द्यायची. मी शेतातून परतलो तेव्हा मेज मांडून झालं होतं.

कुत्रा उठला. भुंकला नाही. जवळ येऊन त्यानं शेपूट हलवलं.

आली एकदाची अक्कल, म्हटलं.

एस्तेफा पुढं आली. झग्याला हात पुसत, अदबीनं.

"या ना. बसा तुम्ही."

अठरा वर्षांच्या संसारात तिनं मला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

"थट्टा पुरे, एस्तेफा."

ती दचकली. "माझं नाव कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी टोपी काढून तिच्यासमोर चेहरा धरला.

"असू दे. प्रार्थना म्हणाल ना?"

"सासऱ्यासाठी?"

"वडिलांसाठीही म्हणा. पण आधी नवऱ्यासाठी."

पोरगी आतून आली. तिनं माझ्या हातावर गरम पाव ठेवला.

"घ्या ना काका. बाबांना फार आवडायचा."